चाक धरून ठेवणारा हात : गाडीचा आर्म कसा निवडायचा

(बचत गटांच्या मैत्रिणींसाठी आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)



आज आपण गाडीच्या एका लोखंडी भागाविषयी बोलणार आहोत. त्याला लोअर आर्म म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं ‘आर्म’ म्हणतात. तुमच्यातली एखादी म्हणेल, हे काय बायकांच्या कार्यक्रमात? पण आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. भाजी, दूध, पापड, शेवया, मसाले घेऊन ती बाजाराला जाते. अडल्या बाईला दवाखान्यात तीच नेते. हप्ता गट भरतो, डिझेल-पेट्रोल गट भरतो, आणि दुरुस्तीचं बिलही गटच भरतो.

गाडी घेताना आपण तीन-तीन बैठका घेतो. पण गाडी बिघडली की निर्णय दोन मिनिटांत फोनवर होतो. गॅरेजमधून विचारणा येते, “ताई, आर्म गेलाय. ओरिजिनल टाकू का बाहेरचा?” आणि पुष्कळ जणी म्हणतात, “तुम्हाला बरं वाटेल ते टाका, दादा.” मिस्त्री भला माणूस असेलही. पण तो आर्म ज्या गाडीत बसणार, त्या गाडीत आपली लेकरं बसणार आहेत. म्हणून हा प्रश्न समजून घ्यायचा. आज एवढंच करू.

आर्मचं काम काय?

आपला हात आठवा. खांद्यापाशी तो धडाला जोडलेला, आणि मनगटापाशी पंजा. गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकापाशी असाच एक लोखंडी हात असतो. त्याचं आतलं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. तिथे रबराचे बुश असतात, बहुतेक गाड्यांत दोन. रबर असल्यामुळे आर्म खालीवर हलू शकतो आणि रस्त्याचा धक्का थेट गाडीत येत नाही.

बाहेरच्या टोकाला असतो बॉल जॉइंट. आपल्या खांद्यात उखळीचा सांधा असतो ना, वाटीत बसलेली गोल गोळी? अगदी तसाच. त्यामुळे चाक खालीवरही होतं आणि स्टेअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडेही वळतं. गोळीभोवती ग्रीस असतं आणि त्यावर रबराची टोपी. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून ती टोपी.

ईको, वॅगनआर, स्विफ्ट, अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने १९४० च्या दशकात ती बेतली. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र उभे, आणि खाली एकच आर्म. सुटसुटीत आणि स्वस्त. आपली जुनी मारुती ८०० सुद्धा याच रचनेची. यात गाडीचं वजन मुख्यतः स्प्रिंग पेलते. आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो. ब्रेक मारला की चाक मागे ओढलं जातं, वळणावर ते बाजूला ढकललं जातं, खड्ड्यात आपटतं. या प्रत्येक वेळी चाक जागचं हलू न देणं हे आर्मचं काम.

म्हणूनच आर्म खराब झाला तरी गाडी चालत राहते. इंजिन सुरू होतं, गाडी माल ओढते. दुर्लक्ष होतं ते याचमुळे. पण बॉल जॉइंट फार झिजला आणि एखाद्या दिवशी गोळी वाटीतून निसटली, तर चाक तिरपं पडतं, गाडी त्या बाजूला खाली बसते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. गाडी उभी असताना हे झालं तर नशीब. घाटात झालं तर काय, ते सांगायला नको.

(गटाकडे पुढे पाटे असलेला मोठा पिकअप असेल, तर त्याची रचना वेगळी असते. आजचं बोलणं छोट्या गाड्यांविषयी आहे.)

गाडी कशी सांगते?

गाडी आधी सांगत असते. गतिरोधकावरून जाताना पुढून ‘खट्’ किंवा ‘टक-टक’ आवाज येतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, किंवा ब्रेक मारल्यावर तोंड फिरवते. ड्रायव्हर म्हणतो, स्टेअरिंग सैल लागतंय, सारखं सावरावं लागतंय. आणि आपण स्वतः बघू शकू अशी खूण म्हणजे टायर. पुढचं टायर एकाच कडेने, आतल्या किंवा बाहेरच्या, जास्त झिजलं असेल तर चाक सरळ उभं नाही असं समजा. टायरवरून हात फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण प्रत्येक आवाज आर्मचा नसतो. शेजारी लिंक रॉड असतो, स्टेअरिंगचा टाय रॉड असतो, शॉकअप असतो, चाकाचं बेअरिंग असतं. लिंक रॉड गेला तरी असाच टकटक आवाज येतो, आणि तो भाग आर्मपेक्षा बराच स्वस्त असतो. म्हणून नुसता आवाज ऐकून आर्म बदलू द्यायचा नाही. मिस्त्रीला म्हणायचं, “दादा, आम्हाला दाखवा.”

दाखवायचं कसं, तेही सांगतो. गाडी जॅकवर उचलून खाली पक्का स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीनेही नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचं. हललं, तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर दोष बहुधा बेअरिंगचा. तरीही हलत असेल, तर बॉल जॉइंटकडे बघायचं. चाक डावी-उजवीकडे धरून हलत असेल, तर टाय रॉडकडे बघायचं. बुशसाठी आर्मच्या आतल्या टोकाला पहार लावून हलकेच रेटतात. रबर फाटलेलं, लोखंडापासून सुटलेलं लगेच दिसतं. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर आलं असेल, तर आत माती गेलीच. आज आवाज नसला तरी त्याचे दिवस भरत आले.

खर्च करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. कधी कधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो आणि कंपनी स्वतः गाड्या परत बोलावते. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या त्या गाड्या. भाग फुकट बदलून देणार असं कंपनीने सांगितलं होतं. तुमची गाडी त्या काळातली असेल, तर आरसी बुकावरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. सेकंडहँड घेतली असेल तरी विचारा. पुढून येणारा आवाज आर्मचा नसून टाय रॉडचा निघाला, तर उपयोग होईल.

पूर्ण आर्म, की फक्त बुश?

आर्म सरळ आहे, बॉल जॉइंट घट्ट आहे आणि फक्त बुश गेलेत, तर काही गाड्यांत नुसते बुश बदलता येतात. ते चांगलं कामही आहे. पण बुश प्रेस मशीनवर दाबून बसवायला हवेत. हातोड्याने ठोकून बसवले तर नवं रबर आणि आर्मची वाटी, दोन्ही दुखावतात. काही आर्ममध्ये बॉल जॉइंट नट-बोल्टने लावलेला असतो, तो वेगळा मिळतो. काहींत तो आर्ममध्येच पक्का बसवलेला असतो. तिथे बॉल जॉइंट गेला की पूर्ण आर्म बदलणं हाच सरळ मार्ग.

आणि आर्म वाकला असेल तर? खड्ड्यात जोरात आपटून तो वाकतो. कुणी म्हणेल, गरम करून सरळ करतो, तडा वेल्डिंगने भरतो. नाही म्हणायचं. लोखंड किती गरम केलं, कसं थंड झालं, यावर त्याची ताकद बदलते. वरून सरळ दिसलं तरी आत काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. विळ्याला धार लावणारा सुद्धा पातं फार लाल करत नाही. चाक धरणाऱ्या भागाला तर ठिगळ नकोच. भंगारातल्या गाडीचा काढलेला आर्मही नको. ती गाडी कशाने भंगारात गेली, हे आपल्याला कोण सांगणार?

बाजारात किती प्रकार?

‘ओरिजिनल’ आणि ‘बाहेरचा’ असे दोनच प्रकार आहेत असं वाटतं. खरं तर चार आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या पेटीतला. नंबर बरोबर असेल तर बसणारच याची खात्री, बहुधा सगळ्यात महाग. नवी गाडी वॉरंटीत असेल तर हाच आणि तोही कंपनीच्या सेंटरमध्येच बसवा, नाहीतर पुढे वॉरंटीवरून वाद होतो.

दुसरा, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या पेटीतला. गाडीच्या कंपन्या सगळे भाग स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात. त्यातले काही कारखाने तोच माल स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात, आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. वॉरंटी संपलेल्या गाडीला हा चांगला पर्याय. पण दुकानदाराने “हे कंपनीलाच माल देतात” म्हटलं म्हणून धरून चालायचं नाही. पेटीवर कारखान्याचं नाव-पत्ता आणि आपल्या गाडीशी जुळणारा नंबर पाहिजे.

तिसरा, दुसऱ्या नावाजलेल्या बनवणाऱ्यांचा. हे कंपनीला माल देत नसतील, पण स्वतःच्या नावावर जबाबदारी घेतात, लेखी वॉरंटी देतात. यातही चांगला माल असतो. इथे वॉरंटीचं कार्ड नीट वाचायचं.

चौथा, नाव-गाव नसलेला किंवा नकली. साध्या पिशवीत गुंडाळलेला, किंवा नामांकित पेटीची नक्कल करून विकलेला. हा मात्र घ्यायचा नाही. स्वस्त आहे म्हणून नको असं नाही. उद्या तुटला तर जाब कुणाला विचारायचा, हेच आपल्याला माहीत नसतं, म्हणून नको.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘बाहेरचा’ म्हणजे वाईट असं नाही, आणि महाग म्हणजे चांगलाच असंही नाही. कुणी बनवला, कोणत्या गाडीसाठी बनवला आणि कोण जबाबदार, या तिन्ही गोष्टींचं उत्तर ज्याच्या अंगावर लिहिलेलं आहे, तो माल घ्यायचा.

पेटी हातात घेतल्यावर

पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किरकोळ विक्रीची कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा, असा नियम आहे. आपण बिस्किटाच्या पुड्यावर बघतो, तसंच इथेही बघायचं. कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो त्या छापील किमतीतच आला. छापील किमतीवर आणखी जीएसटी कुणी मागत असेल, तर द्यायचा नाही.

महिना-वर्ष का बघायचं? बुश रबराचे आहेत. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, चिरतं. घरातल्या जुन्या कुकरची रिंग आठवा. वर्षानुवर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेला आर्म नवा असला तरी त्याचं रबर जुनंच.

पेटीवर नक्कल ओळखू यावी म्हणून चकचकीत शिक्का किंवा क्यूआर कोड असेल, तर मुलींच्या मोबाइलवर तो तिथेच तपासा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, आतल्या मालावर नंबरच नाही, असं असेल तर पेटी परत ठेवा.

मग आर्म बाहेर काढा आणि जुना आर्म शेजारी ठेवा. एकाच गाडीचे वेगवेगळ्या सालचे आर्म वेगळे असू शकतात. म्हणून दुकानात जाताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका, आरसी बुक न्या. डावा-उजवा बघा. पेटीवर डाव्यासाठी एलएच आणि उजव्यासाठी आरएच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरच्या जागेवर बसून पुढे बघितलं की जो हात डावा, ती डावी बाजू. दोन्ही आर्मची लांबी टेपने मोजा, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत. ब्लाऊज बेतणाऱ्या बायांना माप काय ते सांगायला नको. इथेही थोडा फरक चालत नाही. चाक तेवढं तिरपं बसतं.

नजर जोडांवर टाका. पत्र्याचे दोन भाग वेल्ड केलेले असतील, तर वेल्डची रेघ सलग हवी. मध्ये भोकं, तुटक ठिपके नकोत. रंग एकसारखा हवा, रंगाखाली गंज नको. बॉल जॉइंटची दांडी हाताने हलवा. नव्या बॉल जॉइंटची दांडी घट्ट, सावकाश हलते. खुळखुळत असेल तर नको. रबरी टोपी अखंड हवी. बुशचं रबर लोखंडी नळीला सगळीकडून चिकटलेलं हवं.

दुकानात कुणी ‘हेवी ड्यूटी’, गाडीची उंची वाढवणारे किंवा लांबी कमीजास्त करता येणारे आर्म दाखवील. ते शर्यतीच्या आणि हौसेच्या गाड्यांसाठी. कडक प्लास्टिकसारखे पीयूचे बुशही मिळतात. ते टिकाऊ असू शकतात, पण धक्का आणि आवाज जास्त देतात. आपली गाडी भाजी, अंडी आणि माणसं नेते. कंपनीने जसं रबर दिलं, तसंच आपल्याला बरं.

बसवणं हे अर्धं काम

चांगला आर्म आणला आणि वाईट बसवला, तर पैसे पाण्यात. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. गाडी वर लटकत असतानाच घट्ट आवळले, तर गाडी खाली येताच आतलं रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. फडकं रात्रंदिवस पिळून ठेवलं तर किती दिवस टिकेल? नवा बुश काही महिन्यांतच फाटला, तर पुष्कळदा माल चांगला असतो आणि चूक या आवळण्यात असते. मिस्त्रीला हे आधीच विचारा. जाणता मिस्त्री खूश होईल.

दोन. नट किती आवळायचा याचं माप असतं, आणि ते दाखवणारा टॉर्क पाना असतो. बॉल जॉइंटच्या नटला पिन असेल तर पिन नवी घालायची, जुनी सरळ करून नाही. आपोआप घट्ट राहणारा नट असेल तर तोही नवा. थोडक्या रुपयांची वस्तू, पण चाक तिच्या भरवशावर.

तीन. आर्म बदलला की व्हील अलाइनमेंट करायची. म्हणजे चाकांचं तोंड सरळ करून घ्यायचं. क्रम लक्षात ठेवा, आधी आर्म, मग अलाइनमेंट. खराब बुशवर अलाइनमेंट केली तर ती टिकत नाही. मशीनमधून आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद निघतो, तो मागून घ्या. आठवडाभर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासून घ्या.

दोन्ही बाजूंचे आर्म एकदम बदलायलाच हवेत असं नाही. एक बाजू खड्ड्यात आपटून गेली असेल, तर ती एकच बदला. पण झिजेने गेली असेल, तर दुसरी बाजूही तेवढेच किलोमीटर चाललेली असते. तीही उचलून तपासा. दोन्ही एकदम केले तर अलाइनमेंटचा खर्च एकदाच लागतो.

हिशोब मांडू या

आता पैशाचं. समजण्यासाठी आकडे धरू. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. समजा, बिननावाचा आर्म ९०० रुपयांना आणि खात्रीचा १,८०० ला मिळतो. मजुरी ५०० आणि अलाइनमेंट ४००. पहिल्याचा एकूण खर्च १,८००, दुसऱ्याचा २,७००. वाटतं, ९०० वाचले.

पण समजा, स्वस्तातला वर्षभर टिकला आणि खात्रीचा तीन वर्षं. तीन वर्षांत पहिल्यावर तीनदा १,८००, म्हणजे ५,४०० गेले. दुसऱ्यावर २,७०० च. शिवाय गाडी एक दिवसाऐवजी तीन दिवस गॅरेजमध्ये उभी, त्या दिवसांची भाडी बुडाली. आणि तिरप्या चाकाने खाल्लेलं टायर वेगळंच. म्हणून वहीत भागाची किंमत एकटी लिहायची नाही. भाग, मजुरी, अलाइनमेंट आणि बुडालेला दिवस, चारही रकाने एकाच ओळीत लिहा. मग स्वस्त काय ते वहीच सांगेल.

आर्मचं आयुष्य वाढवणं मात्र फुकट आहे. आरसी बुकावर लिहिलीत तेवढीच माणसं बसवायची. गतिरोधकावर आणि खड्ड्यात वेग कमी करायचा. खड्ड्यात ऐन वेळी ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा आधीच हळू व्हायचं. सर्व्हिसिंगला दरवेळी रबरी टोपी बघायला सांगायची.

कागद सांभाळा

बिल पक्कं घ्या. त्यावर भागाचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्या. बिल गटाच्या नावाने घ्या. वॉरंटी भागाची आहे की मजुरीचीही आहे, ते विचारा. आणि जुना भाग मागून घ्या. तो आपलाच आहे. तो बघितला की खरंच काय गेलं होतं ते कळतं, आणि बदललाच नाही असा संशयही राहत नाही.

विम्याचंही ऐका. झिजेने गेलेला आर्म विम्यात येत नाही. पण अपघातात किंवा जोराच्या आदळण्यात वाकला असेल, तर दुरुस्तीआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. रबराच्या भागांवर सर्वसाधारण पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, हे ध्यानात असू द्या. फसवणूक झाली, वॉरंटी नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे बिल विचारतील. म्हणून बिल.

गॅरेजमध्ये विचारायचे सात प्रश्न

हे प्रश्न गाडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. दादा, दोष आर्मचाच आहे का? आम्हाला हलवून दाखवा.
२. नुसते बुश किंवा बॉल जॉइंट बदलून चालेल का? नसेल तर का नाही?
३. हा आर्म कुणी बनवलाय, आणि आमच्या चेसिस नंबरला जुळतो का?
४. वॉरंटी किती, आणि लेखी आहे का?
५. बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळणार ना? पिन, नट नवे घालणार ना?
६. अलाइनमेंट कुठे करायची, आणि कागद मिळेल का?
७. पक्कं बिल आणि जुना भाग दोन्ही देणार ना?

यातला एकही प्रश्न अविश्वासाचा नाही. डॉक्टरला आपण औषध कसं घ्यायचं ते विचारतो, तसंच हे. चांगला मिस्त्री शांतपणे उत्तर देतो. जो म्हणेल, “बाई, तुम्हाला यातलं काय कळतंय,” त्याच्याकडे गाडी न्यायची की नाही, ते गटाने ठरवावं.

शेवटी एक काम देतो. येत्या बैठकीत दोघी जणी ठरवा, ज्या दुरुस्तीच्या वेळी गॅरेजला जातील. ड्रायव्हरदादालाही बैठकीत बोलवा. गाडी रोज त्याच्या हातात असते, आवाज पहिला त्यालाच ऐकू येतो. त्याला सांगा की आवाज आल्याबरोबर कळवलं तर गट रागावणार नाही. खर्च येईल म्हणून ड्रायव्हर गप्प बसतो, आणि तेवढ्या दिवसांत बॉल जॉइंट आणखी झिजतो. आणि बैठक संपली की सगळ्या जणी बाहेर जा, गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवा. एक कड गुळगुळीत लागली, तर दुसऱ्याच दिवशी गाडी दाखवून घ्या.